एमएच ५०चा नवशिका
उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागून एमएच ५०ची गाडी सुखरूप काढणारा कराडचा इंजिनिअर इंग्लंडला राहायला गेला, की विम्याच्या लेखी तो नवशिका ठरतो. आपलं लायसन्स तिथं १२ महिने चालतं. पुढे शिकाऊ परवाना, संगणकावरची परीक्षा, मग रस्त्यावरची. तिथंही गाड्या डावीकडूनच चालतात, म्हणून हात अडखळत नाहीत. सवयी अडखळतात: आरसा बघितला, हे परीक्षकालाही दिसावं लागतं. पण खरा चटका हप्त्याचा. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता कारच्या सीसीवर सरकार ठरवतं; चालवणारा कसा आहे, हे कोण विचारतो? तिथं वय, पत्ता, लायसन्स किती जुनं, सगळं विचारतात, आणि इथं पाच वर्षं क्लेम न करता कमावलेला ५० टक्के बोनस बहुतेक कंपन्या धरतच नाहीत. हे खटकतं खरं. तरी पद्धत मला त्यांचीच पटते. माणूस बघून हप्ता लावला, तर आपल्याकडच्या कित्येकांना (नावं नकोत) गाडीपेक्षा विमा महाग पडेल. निघताना इथल्या कंपनीकडून ‘नो क्लेम’चं पत्र मात्र घ्यावं. एखादी कंपनी मानतेही.