गिअरांची पत्रिका

गेल्या माघांत वाईहून पांचगणीस सायकलनें जाण्याचा बेत आम्हीं केला, आणि पसरणीच्या घाटांत निम्म्यावर आमचा उजवा गुडघा रुसला. सौभाग्यवती केव्हांच पुढें निघून गेल्या होत्या. त्यांच्या सायकलीस डोंगरी धाटणीचे हलके गिअर. आमची सायकल सपाट रस्त्यावर चपळ, पण चढावर हट्टी. उरलेला घाट आम्ही सायकल हातीं धरून चढलों. वरच्या वळणावर त्या दगडावर बसून संत्रें खात आमची वाट पाहात होत्या. साल केव्हांच वाळूं लागली होती. त्या कांहीं बोलल्या नाहींत. तेंच मनाला अधिक लागलें.

डॉक्टर म्हणाले, "सायकल सोडूं नका, जोर सोडा. पाय हलके आणि भराभर फिरूं द्या." म्हणजे गिअर हलका हवा. आमच्या सायकलीस पुढें ५० व ३४ दांत्यांचीं दोन चक्रें, आणि मागें दहा चक्रांचा जुडगा. त्यांत सर्वांत लहान ११ दांत्यांचें व सर्वांत मोठें २८ दांत्यांचें. सर्वांत हलक्या जोडींत पेडलाचा एक फेरा झाला कीं सायकल सुमारें २.५५ मीटर पुढें जाई. मागें ३४ दांत्यांचें चक्र असेल तर तेंच अंतर २.१० मीटर होतें, आणि लागणारा जोर सहाव्या हिश्शाहूनही थोडा अधिक कमी होतो. गुडघ्याच्या हिशेबीं हा फरक लहान नव्हे.

एवढें मोठें चक्र पेलण्यास मागील डिरेलरही मोठा लागतो. डिरेलर म्हणजे साखळीस एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा लोंबता हात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच 'रुळांवरून घसरविणारा' असा आहे. हँडलावरील शिफ्टरची कळ तार ओढते आणि त्याला हलविते. आमचा शिफ्टर दहा पायऱ्यांचा. म्हणून आम्हीं डोंगरी सायकलीचा दहाच पायऱ्यांचा डिरेलर आणला. दहांस दहा मिळाले, पत्रिका जुळली, अशा समजुतीनें तो बसविला. पहिली कळ दाबली तों साखळी दोन चक्रांच्या मध्येंच खरखरत राहिली. शेवटची दाबली तरी मोठ्या चक्राची भेट होईना. दुपारभर तार आवळली, सैल केली, उपयोग शून्य. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, गोत्र पाहिलें का? नुसत्या आंकड्यावर कोणी सोयरीक जमवितें का?"

त्यांचा बाण अचूक लागला. फरक इतकाच कीं, विवाहांत सगोत्र चालत नाहीं. येथें मात्र सगोत्रच लागतें.

ही जुळवणी तीन आंकड्यांची आहे. एकदां कळ दाबली असतां शिफ्टर किती तार ओढतो, हा पहिला. एक मिलिमीटर तार ओढली असतां डिरेलर किती सरकतो, हा दुसरा. शेजारशेजारच्या दोन चक्रांत अंतर किती, हा तिसरा. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्याइतका आला पाहिजे. आमचा शिफ्टर शिमानोच्या जुन्या रस्तापद्धतीचा. तो दर कळीस सुमारें २.३ मिलिमीटर तार ओढतो. त्याच्या कुळांतील डिरेलर तारेच्या सुमारें १.७ पट सरकतो. गुणाकार ३.९, आणि चक्रांतील अंतर ३.९५. संसार सुखाचा! पण २०१० च्या सुमारास डोंगरी दहा पायऱ्यांची पद्धत निघाली, तींत हें प्रमाण १.२ ठेवण्यांत आलें आणि तार अधिक ओढणारा शिफ्टर दिला गेला. चिखलमातीनें तार थोडी अडखळली तरी नेम चुकूं नये, हा त्यांतील हेतु. आमच्या जोडप्याचा गुणाकार मात्र २.७६ च येई. नऊ कळा दाबून साखळी सुमारें २५ मिलिमीटर सरके. हवे होते साडेपस्तीस. ती सातव्या चक्रापाशींच थबके, यांत नवल तें काय?

तोड निघाली ती नऊ पायऱ्यांच्या डोंगरी डिरेलरांत. त्याचें प्रमाण जुनेंच, १.७. डिरेलरला पायऱ्या मोजतां येत नाहींत. मोजणें हें शिफ्टरचें काम. म्हणून नवाचा डिरेलर दहाच्या शिफ्टरशीं सुखानें नांदतो.

मात्र गोत्र जुळल्यावर सामर्थ्यही पाहावें. पुढील चक्रांतील फरक १६, मागील ११ व ३४ यांतील फरक २३. एकूण ३९ दांत्यांची ढिली साखळी डिरेलरनें आवरली पाहिजे. लांब पिंजऱ्याचा हा डोंगरी डिरेलर ४५ पर्यंत आवरतो आणि ३४ चें चक्र पेलतो. साखळीही नव्यानें मापून घ्यावी. पुढचें मोठें व मागचें मोठें चक्र चुकून एकत्र आलें आणि साखळी तोकडी असली, तर डिरेलर मुळासकट उखडून येण्याचें भय असतें. शिवाय एकाच कारखान्याच्या नांवावर विसंबूं नये. २०१५ साली निघालेला शिमानोचा टियाग्रा ४७०० दहाच पायऱ्यांचा, रस्त्याचाच; पण त्याचें माप जुन्या दहांशीं जुळत नाहीं.

हें सर्व आम्हीं दहा वर्षांपूर्वींच करावयास हवें होतें. केलें नाहीं तें अभिमानापोटीं. हलका गिअर म्हणजे हार, अशी आमची समजूत. ही समजूत आमच्या एकट्याचीच नव्हे. 'तूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण तींतील पहिल्या पंक्तीच्या स्पर्धकांस डिरेलर वापरण्याची मोकळीक १९३७ साली मिळाली. त्याच देशांत सँतेत्येनचे पोल द व्हिव्ही हे 'वेलोसिओ' या नांवानें त्यापूर्वीं कित्येक वर्षें अनेक गिअरांचा पुरस्कार करीत होते. ते १९३० साली वारले. ती मोकळीक पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां पसरणीस गेलों. वेग फार नव्हता; दोन ठिकाणीं पाणी पिण्यास थांबलों; पण सायकलीवरून उतरून चालावें लागलें नाहीं, आणि गुडघ्यानें तक्रार केली नाहीं. सौभाग्यवती पुढेंच होत्या. आम्ही वरच्या वळणावर पोंचलों, तेव्हां त्यांचें संत्रें अर्धेंच सोलून झालें होतें.