घरच्या घरी खेळाचा संगणक

मैत्रिणींनो, मागे एका भगिनीचं पत्र आलं होतं. ‘मुलगा बारावीत आहे. भारी गेम चालतील असा संगणक हवा म्हणून हटून बसलाय. तयार घ्यायचा तर आम्हाला झेपत नाही. सुटे भाग आणून घरी जोडतो म्हणतो. त्याला होकार द्यावा का?’ पत्र वाचलं आणि मला हसूच आलं. कारण हाच प्रश्न आमच्याही घरी येऊन गेलेला!

गोष्ट 2024 च्या दिवाळीआधीची. आमचे चिरंजीव अकरावीत. क्लासहून सातला यायचे ते नऊला येऊ लागले. चौकशी केली तेव्हा कळलं, स्वारी तासाला पैसे मोजून गेमिंग कॅफेत बसते. हे भयंकर संतापले. बापलेकांचा अबोला सुरू झाला आणि दोघांचे निरोप पोचवता पोचवता मी मात्र मेटाकुटीला आले.

माझ्याजवळ भिशीचे 55 हजार होते. नवा ओटा करायचा म्हणून ठेवलेले. खूप विचार केला. मुलगा बाहेर कुठे बसतो ते न कळण्यापेक्षा घरात डोळ्यांसमोर बसलेला बरा, असं ठरवलं. पण दोन अटी घातल्या. संगणक बैठकीच्या खोलीतच राहील. आणि प्रत्येक भाग कशासाठी, ते मला समजेल अशा भाषेत सांगायचं, मगच पैसे.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या यादी घेऊन हजर. तेव्हा मला कळलं की खेळाची चित्रं पडद्यावर झरझर उमटवण्याचं मुख्य काम ग्राफिक्स कार्डाचं. म्हणून सर्वांत मोठा वाटा त्याचा. आरएक्स 6600 हे कार्ड 21,000. रायझन 5 5600 प्रोसेसर 10,500. सगळ्यांना एकत्र बांधणारा मदरबोर्ड 8,500. रॅम 16 जीबी, तीही 8-8 च्या दोन पट्ट्यांत, कारण जोडीनं लावल्या की काम जलद होतं, 3,200. एक टीबीची एसएसडी 5,300. मॉनिटर भाच्याचा जुना मिळणार होता.

पुढे मात्र मी अडले. काचेचा, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट 5,300 आणि पॉवर सप्लाय अवघा 1,200, तोही कुठल्याशा बिननावाच्या कंपनीचा!

‘‘हा पॉवर सप्लाय काय करतो रे?’’

‘‘सगळ्या भागांना वीज पुरवतो.’’

‘‘आणि तोच बिघडला तर?’’

जरा थांबून म्हणाला, ‘‘कधी कधी बाकीचे भागही जळतात.’’

‘‘म्हणजे हा गॅसचा रेग्युलेटर म्हण की! शेगडी भारीतली आणि रेग्युलेटर रस्त्यावरचा, असं मी करते का?’’

तोंड पाडून त्यानं काचेचा कॅबिनेट खोडला. साधा, हवा खेळती राहील असा पत्र्याचा 2,700 चा घेतला आणि वाचलेले पैसे पॉवर सप्लायमध्ये घातले. चांगल्या कंपनीचा, 550 वॉटचा, ‘80 प्लस ब्राँझ’ शिक्का असलेला, 3,800. ग्राफिक्स कार्ड 132 वॉट आणि प्रोसेसर 65 वॉटचा, म्हणजे दोन्ही मिळून दोनशेच्या आतच. तेव्हा 550 अगदी पुरेसा. एकूण बेरीज बरोबर 55 हजार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन त्यानं सगळं एका दिवसात आणलं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडणी मांडली. हातात एक स्क्रू ड्रायव्हर, बाकी काही नाही. दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच! पोरगा पांढराफटक पडला. माझ्याही पोटात गोळा आला. आता ह्यांचं बोलणं ऐकावं लागणार!

हे पेपर बाजूला ठेवून उठले. चष्मा चढवला, माहितीपुस्तिका वाचली आणि मागे वाकून म्हणाले, ‘‘अरे, मॉनिटरची वायर तू मदरबोर्डाला लावलीस. ती कार्डाला नको का?’’ या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नसते, त्यामुळे वायर ग्राफिक्स कार्डालाच लागते. वायर बदलली आणि पडदा उजळला. महिनाभरानं बापलेक एकमेकांकडे बघून हसले.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आणि तुम्हा सर्वांना काही गोष्टी सांगते.

जोडणीला बसताना नायलॉनचे कपडे नकोत. अंगावरच्या स्थिर विजेनं भाग बिघडू शकतात. मधून मधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा.

रायझन 5600 च्या पाठीला बारीक पिना असतात. सोनेरी त्रिकोण खुणेला जुळवला की तो आपोआप बसतो. दाबायचा मुळीच नाही. त्याच्याबरोबर येणाऱ्या पंख्याला खाली लेप लावलेला असतो, तो पुसू नये.

पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये. वायर काढली तरी आत विजेचा भार शिल्लक राहतो.

जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला अर्थिंग असतंच असं नाही. वायरमनकडून आधी तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर दुर्लक्ष करू नका.

प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. जीएसटीची पक्की बिलं आणि खोकी जपून ठेवा.

आमच्या यादीतल्या किमती तेव्हाच्या आहेत. 2025 च्या अखेरीस रॅम आणि एसएसडी बऱ्याच महागल्या. म्हणून आकडे नव्हे, वाटणी लक्षात ठेवा: ग्राफिक्स कार्डाला मोठा वाटा, पॉवर सप्लायला काटकसर नाही, दिव्यांच्या झगमगाटाला शेवटी उरलं तर.

आणि विजेचं बिल? साधारण 250 वॉट धरले, तर चार तास खेळल्यावर एक युनिट. आमच्याकडे रोज दीड तास ठरलाय. कधी दोन होतात, मग मी ओरडते. पण ओरडायला मुलगा घरात असतो!

ओटा अजून जुनाच आहे. नवी भिशी लावली आहे. तेव्हा, ताई, होकार द्या. पण आधी यादी मागा आणि एकेका ओळीवर बोट ठेवून ‘हे कशाला?’ असं विचारा.