सोपेपणा कोणाचा?

मे २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोविसेल्फ’ या घरगुती प्रतिजन चाचणीसंचास मान्यता दिली. किंमत २५० रुपये, निकाल १५ मिनिटांत. नाकातला नमुना घेणे सोपेच. पण सोबत मोबाइलवर ॲप उतरवण्याची आणि पट्टीचे छायाचित्र काढण्याची सूचनाही होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यातल्या एखाद्या भिली बोलणाऱ्या, स्मार्टफोन नसलेल्या घरात हा सोपेपणा कुठे उरतो? शिवाय लक्षणे असून निकाल नकारात्मक आला, तर आरटी-पीसीआर करणे आलेच; म्हणजे पुन्हा दवाखान्याची वाट. पुढचा संच प्रतिपिंडांचा असो वा प्रतिजनांचा, त्याची माहितीपत्रिका छापण्यापूर्वी ती पाड्यावरच्या आशाताईंकडून वाचून घ्यावी. लोकांचा विश्वास तिथूनच सुरू होतो.