फडताळांतील गोळ्या

पावसाळा सरत आला कीं आमच्या आष्टीच्या बाजूस घरोघर एखादें तरी माणूस ज्वरानें पडलेलें असतें. परंतु सर्व ज्वर एका जातीचे नव्हेत. २०१८ सालीं नागपूर व आसपासच्या भागांत 'स्क्रब टायफस' नामक ज्वराची साथ आली, तेव्हां हा भेद पुष्कळांस कळला. गवतांत व झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किडीचीं पिल्लें चावल्यानें याचे जंतु शरीरांत शिरतात. कधीं कधीं काखेंत वा जांघेंत काळी, न दुखणारी खपली दिसते. वेळींच ओळखल्यास डॉक्सिसायक्लिन नांवाच्या साध्या गोळीनें तो बहुधा हटतो. उशीर झाल्यास प्राणावर बेततें.

योग्य औषधानें ताप दोन दिवसांत उतरूं लागतो, आणि येथेंच एकत्र कुटुंबांतील काटकसर आडवी येते. थोरल्या चिरंजिवांस आराम पडला म्हणून राहिलेल्या गोळ्या फडताळांत जपून ठेवावयाच्या, आणि पुढें धाकट्या सूनबाईंस ताप आला कीं त्याच द्यावयाच्या ! अन्न वांटून खावें. औषध ही वांटून खाण्याची वस्तु नव्हे. सूनबाईंचा ताप डेंग्यूचा असेल तर तो विषाणूचा, त्यावर ही गोळी व्यर्थ. त्या गरोदर असतील तर ती द्यावी कीं नाहीं हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें. शिवाय दोन-चार गोळ्यांनीं खरें दुखणें झांकून जाऊन निदान लांबतें, तें वेगळेंच. अपुऱ्या मात्रेंतून वांचलेले जंतु पुढें त्या औषधास दाद देत नाहींत. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांतच हा इशारा दिला होता. तेव्हां जितके दिवस लिहून दिले असतील तितके दिवस गोळी घ्यावी. आधीं थांबवावयाची तर डॉक्टरांना विचारून.

'पथ्य' हा शब्द 'पथिन्' म्हणजे मार्ग, यापासून झाला आहे. मार्गास धरून असेल तें पथ्य. डॉक्सिसायक्लिनचा मार्ग असा कीं, ती पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी व नंतर निदान अर्धा तास आडवें होऊं नये. अंथरुणांत पडल्या पडल्या घोटभर पाण्यानें गिळली तर ती अन्ननलिकेंत चिकटून व्रण करते. आजारी माणसास दुधाबरोबर औषध देण्याची आपली प्रेमळ चाल येथें नडते. दूध, लोहाच्या गोळ्या, आम्लपित्तावरचीं कांहीं औषधें यांच्यामुळें ती अंगीं कमी लागते. मध्यें दोन-तीन तास जाऊं द्यावेत. आश्विनांतलें आमच्याकडील ऊन तर टाळावेंच, कारण या गोळीनें त्वचा उन्हांत लवकर भाजते. अंगावर पुरळ उठलें, चेहरा सुजला वा श्वास कोंडूं लागला तर मात्र पुढची गोळी न घेतां तत्काळ दवाखाना गांठावा.

पाकिटावरील उभी तांबडी रेघ शोभेची नसून हें औषध चिठ्ठीवांचून घेऊं नये अशी ती खूण आहे. एखादी मात्रा चुकल्यास आठवतांच घ्यावी. पुढचीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊं नयेत. आणि फडताळांत मागील सालच्या गोळ्या असतीलच, तर त्या उकिरड्यावर अगर गटारांत न टाकतां औषधविक्रेत्यास दाखवून त्यांची वाट कशी लावावी तें विचारावें.