अंकविचार : डेम्लो संख्या

नऊ एके शेजारी शेजारी मांडले असता अकरा कोटी अकरा लक्ष अकरा हजार एकशे अकरा ही संख्या होते. तिचा वर्ग केला म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. उजवीकडून वाचा अथवा डावीकडून, ती सारखीच. एकापासून नवापर्यंत चढावे आणि पुन्हा एकावर उतरावे, अशी तिची घडण आहे.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव श्री. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. डोंबिवली स्थानकाचे नाव त्या काळी डेम्लो असे होते व ही कल्पना त्यांना तेथेच सुचली. कापरेकरांचा जन्म डहाणूचा. नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ पर्यंत ते शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. तथापि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले.

आता या संख्येचे मर्म पाहू. १११ ला १११ ने गुणताना तेच तीन एके प्रत्येक ओळीत एक घर डावीकडे सरकतात. उभी बेरीज केली की १, २, ३, २, १ हे अंक येतात. नऊ एक्यांपर्यंत कोणत्याही घराची बेरीज नवाच्या वर जात नाही. म्हणून हातचा येत नाही. दहा एके घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा निघतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. डौल मोडला, परंतु मोडला का, हे ज्या मुलास सांगता आले, त्यास दशमान पद्धती समजली असे खुशाल म्हणावे.

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी म्हटले. आपल्या सतरा अंकांची बेरीज ८१ होते. नऊ एक्यांच्या संख्येस ९ ने भाग जातो. तेव्हा तिच्या वर्गास ८१ ने भाग गेलाच पाहिजे. अर्थात ही संख्या हर्षदही आहे.

वेंटवर्थव्हिलमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना ‘गणित आपल्या पूर्वजांनी जगाला दिले’ हे वाक्य प्रत्येक समारंभात ऐकावयास मिळते. नुसत्या ऐकण्याने अभिमान वाटेल, गणित येणार नाही. देवळालीच्या मास्तरांचे काम हे की, त्यांचे म्हणणे कागद आणि पेन्सिल घेऊन कोणासही पडताळता येते. तेव्हा मुलांपुढे गौरवकथा ठेवण्याआधी गुणाकार ठेवावा. या कुळातील दुसरी संख्या १२१ हर्षद नाही. तिसरी, १२३२१, आहे. पहिल्या नवांपैकी एकूण हर्षद किती, आणि त्याच का, हे त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे.