मत नसलेल्या मुलांसाठी तीन प्रश्न

निवडणूक जवळ आली की आपल्या वडोदऱ्यात सोसायट्यांमध्ये उमेदवारांच्या बैठका सुरू होतात. रस्ते, ड्रेनेज, विश्वामित्रीचा पूर, पार्किंग, सगळ्यावर प्रश्न होतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणावर मात्र मी आजवर एकही प्रश्न ऐकलेला नाही. खरे सांगायचे तर मीही कधी विचारला नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या नातवाला सोडायला अंगणवाडीत गेलो. भाड्याची एक खोली, वीस-बावीस मुले. सेविकाबाई मोबाइलवर मुलांची वजने भरत होत्या. बाजूला मतदारयादीच्या कामाचे कागद. गाणी-गोष्टी झाल्या, पण जेमतेम वीस मिनिटे. बाईंचा दोष नव्हता. मतदारयादीसाठी सरकारला अंगणवाडी आठवते, प्रचारात मात्र ती कोणालाच आठवत नाही.

आपली नातवंडे याच वयात नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी करतात. सहाव्या वर्षी दोन्हीकडची मुले पहिलीत बसतात. एकाच्या खात्यात तीन वर्षांची पुंजी असते, दुसऱ्याचे खाते तेव्हा कुठे उघडते.

कायदा काय सांगतो? 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुलांसाठी कलम 45 मध्ये राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच आहे. हक्क असला तर कोर्टात जाता येते. प्रयत्नांचा हिशेब मागायची जागा म्हणजे निवडणूक.

काही झालेच नाही असे नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या रचनेत घेतला. गुजरातेत 2023 पासून पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण लागतात आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी बालवाटिका आहे. त्याआधीची दोन वर्षे गरीब घरच्या मुलाला अंगणवाडीचाच आधार. तिथल्या सेविकेला केंद्राने ठरवलेले मानधन 2018 पासून 4,500 रुपये. राज्य त्यात भर घालते. तिला ग्रॅच्युइटी लागू आहे, हे सुप्रीम कोर्टाला 2022 मध्ये सांगावे लागले, तेही गुजरातमधल्याच प्रकरणात. निवृत्त माणसाला ग्रॅच्युइटीचे मोल वेगळे सांगायला नको.

आपला या कामाशी जुना संबंध आहे. ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर सुरू केले. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यांत तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले छोटाउदेपूर होते.

म्हणून विनंती अशी की, उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला तीन प्रश्न विचारा.

1. आपल्या भागात अंगणवाड्या किती, आणि त्यांपैकी भाड्याच्या खोलीत किती?
2. सेविका आणि तेडागर यांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि त्या कधी भरणार?
3. मुलांना शिकवण्याच्या वेळेत सेविकेला दुसरे काम देणार नाही, असे वचन द्याल का?

'हे काम सरकारचे' असे उत्तर मिळेल. पालिकेचा उमेदवार असेल तर सांगा, शहरातल्या अंगणवाड्या पालिकाच चालवते. विधानसभेचा असेल तर मानधनाचा आणि भरतीचा विषय काढा. उत्तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पाच वर्षांनी तीच वही घेऊन पुन्हा बैठकीला जाऊ.