‘गावरान’ म्हंजे कुणाचं गाव?

पुण्यात हल्ली जेवणाला समीक्षक मिळालेत. कवितेला मिळत नाहीत, रश्श्याला मिळतात. रविवारच्या पुरवणीत रकाने, मोबाईलवर तर रात्रंदिवस. सिंहगडाच्या पायथ्याला, खेड-शिवापूरला, मुळशीकडं, वडगाव मावळला गाड्या काढून जायचं, खाटेवर मांडी घालायची, ताटाचा फोटू काढायचा आन निकाल लावायचा. रस्सा झणझणीत. भाकरी चुलीवरची. चव अस्सल गावरान. आज्जीच्या हातची आठवण आली. पाचपैकी साडेचार.

आमचा सवाल साधा आहे. कुणाची आज्जी? कुठलं गाव?

गावाला वेस होती. वेशीच्या आत पाटलाचा वाडा होता, वेशीच्या बाहेर महारवाडा, मांगवाडा होता. वाडा हा शब्द दोन्हीकडं होता. आता हायवेच्या पाट्या वाचत चला. अमक्याचा वाडा, तमक्याचा वाडा, सरपंच थाळी, पाटील थाळी, पैलवान थाळी. २०२१ साली वडगाव मावळच्या एका हॉटेलानं तर थाळी संपवणाऱ्याला बुलेट गाडी लावली होती. सगळ्या देशात बातमी झाली. या सगळ्या पाट्यांत आमचा वाडा कुठं आहे?

पाटीवर जात लिहायची लाज वाटते म्हणून आमचा वाडा गळाला, असं कुणी म्हणेल. साफ खोटं. ब्राह्मणी पद्धतीचं जेवण, मराठा खानावळ, सीकेपी, सारस्वत, आगरी. जाती ठळक अक्षरात रंगवलेल्या आहेत आन समीक्षक त्या चवीनं वाचतात. ‘महार पद्धतीचं जेवण’, ‘मांग पद्धतीचं कालवण’ अशी पाटी मात्र पेठांपासून टोलनाक्यापर्यंत आम्हाला दिसली नाही. म्हंजे जात चालते. ती वेशीच्या आतली पाहिजे, एवढंच.

आन हे पुण्यात व्हावं याचं आम्हाला नवल नाही. या शहरात खाणं-पिणं कधीच नुसतं जिभेचं प्रकरण नव्हतं. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. त्यानंतर बावीस वर्षांनी, १८९० च्या ऑक्टोबरात, तिथून जवळच पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आन पुण्यातली इतर बडी मंडळी व्याख्यानाला गेली. मिशनवाल्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. ‘पुणे वैभव’नं नावं छापली आन गावात बोंब उठली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं घेतली गेली. एका कप चहापायी! त्या चहाची चव कशी होती, हे कुणी लिहून ठेवलं नाही. चहा कुणाच्या हातचा, हेच सगळ्यांना पुरलं.

म्हणून आम्ही म्हणतो, हातचा हा शब्द जपून वापरा. ‘आज्जीच्या हातची चव’ लिहिताना तुमच्या लेखी ती माया असते. आमच्या बाजूला हात म्हंजे इतिहास आहे. याच हातचं पाणी चालत नव्हतं. गावच्या चहाच्या हॉटेलात आमची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली. आपली आपण विसळायची, परत जागेवर ठेवायची, पैसे वरून टाकायचे. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली, तिच्या पंधराव्या कलमात हॉटेलं आन उपाहारगृहं सगळ्यांना मोकळी झाली. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला. कायद्यानं हॉटेलचं दार उघडलं. आम्ही आत गेलो, बाकावर बसलो, बिल दिलं. आमचं कालवण मात्र बाहेरच राहिलं.

‘कसलं कालवण?’ असं कुणी विचारील. ऐका. उन्हात दोरीवर वाळवलेल्या चान्या. रक्ती. वजडी, मुंडी, पाया, खूर, फोफसं. सुकट. कण्या, आंबील. रानातून खुडून आणलेली घोळ, तांदुळजा, कुर्डू. यस्कराची पाळी असली की दारोदार मागून आणलेल्या दहा घरच्या शिळ्या तुकड्यांचा काला. तेल नाही, खोबरं नाही, काजू तर बापजन्मात नाही. अर्ध्या वाटीच्या ऐवजात सात तोंडं भरायची कला आमच्या आयांनी काढली. या कलेला किती तारे देता?

आता गंमत पाहा. यातली वजडी हल्ली हॉटेलात आलीय. ‘वजडी फ्राय’ म्हणून बशीत लिंबाच्या फोडीसकट येते आन समीक्षक लिहितो, ‘धाडसी खवय्यांनी चुकवू नये.’ लेको, त्यात धाडस कसलं? आमच्या घरी शिजायची तेव्हा शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. तुमच्या बशीत आली आन तिचा वास जाऊन स्वाद झाला. पदार्थ उचलला, माणूस तिथंच ठेवला. हे गावकीचं जुनंच काम आहे.

आमच्यातले शिकलेले काही मित्र म्हणतात, ‘कशाला ही घाण उकरता? बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते पुन्हा ताटात आणायचं का?’ हा प्रश्न तोंड चुकवण्यासारखा नाही. १९२७ च्या मार्चात महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, मागून आणलेले तुकडे सोडा, असं बजावलं. ते बरोबरच होतं. ती सक्ती होती, ते वतनाचं जोखड होतं, ते फेकायचंच होतं. पण बाबासाहेबांनी खाल्लेल्या घासाबद्दल आईची लाज बाळगा असं सांगितलं नाही. उलट १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हेच खाणं आपल्या माथी अस्पृश्यता म्हणून कसं मारलं गेलं, याचा त्यांनी छडा लावला. सोडणं वेगळं, लपवणं वेगळं. जो लपवतो त्याचा इतिहास दुसरा लिहितो, आन मग त्यात ‘गावरान’ म्हंजे फक्त पाटलाचं मटण उरतं.

आन त्याच महाडला काय झालं? २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक मांडवात परतले. काही जेवायला बसले होते. अफवा उठवून गुंड चालून आले, लाठ्या पडल्या, अन्न मातीत कालवलं गेलं. आमच्या जेवणाची अशी परीक्षणं इतिहासात पुष्कळ झालीत.

लिहिणारे नव्हते असंही नाही. २००९ साली पुणे विद्यापीठाच्याच क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रानं, शर्मिला रेगे आन त्यांच्या सहकाऱ्यांनी, दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा करून पुस्तक काढलं. हे ताट भारतीय नाही का, असा त्याचा सवाल. २०१५ साली शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. २०२४ ला त्याचा इंग्रजी अनुवाद झाल्यावर इंग्रजी पेपरांनी त्याची रकानेच्या रकाने दखल घेतली. पुण्यातल्या खाद्यसमीक्षकाला सिंहगडाच्या पिठल्यापर्यंत जायला वेळ आहे. गणेशखिंडीत विद्यापीठापर्यंत त्याची गाडी पोचत नाही.

२०१५ ला आणखीही एक झालं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यानं होतीच, आता बैल आन वळूही त्यात आले. कापला तर पाच वर्षं तुरुंग. मटणाचा भाव ज्याला परवडत नाही, त्या माणसाचं स्वस्तातलं मांस एका फटक्यात गेलं, उरली म्हैस. २०१६ साली हायकोर्टानं परराज्यातून आणलेलं मांस बाळगण्यावरची बंदी उठवली, कत्तलीची ठेवली. एका शहराच्या ताटातून अख्खा पदार्थ उठवला गेला. कॅम्पातल्या किती खानावळींच्या चुली बदलल्या, कासेवाडीत, ताडीवाला रोडला रविवारी काय शिजायचं थांबलं, यावर एक तरी परीक्षण वाचलंय का? नाही. तेव्हा पुरवणीत मिसळीच्या तर्रीवर चर्चा चालली होती. जेवणाबद्दल लिहिणारा माणूस जेवण बंद झाल्याबद्दल गप्प बसतो, तेव्हा तो चवीचा जाणकार नसतो, मालकाचा भाट असतो.

तसंच ‘शुद्ध शाकाहारी’. २०१४ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातली निम्म्याहून जास्त माणसं मांसाहारी निघाली. म्हंजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र अशुद्ध! शाकाहारी लिहा, आमची हरकत नाही. शुद्ध कशाला? आन ही शुद्धता पाटीपुरती नसते. २०१७ च्या सप्टेंबरात याच पुण्यात एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकीणबाईंवर पोलिसांत फिर्याद दिली. आरोप काय, तर ब्राह्मण असल्याचं सांगून सोवळ्यातला स्वयंपाक केला, देव बाटले. पुढं गदारोळ झाल्यावर फिर्याद मागं घेतली. ती स्वयंपाकीण मराठा होती. मराठा हाताची ही गत, तर आमच्या हाताची काय?

तेव्हा समीक्षक महाशयांनो, आम्हाला तुमचे तारे नकोत. ‘दलित थाळी’ही नको, पितळी ताटात आमची उपासमार मांडून सातशे रुपयांना विकू नका. एवढंच करा. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा चव सांगून थांबू नका. चुलीपुढं कोण बसलंय ते सांगा. मागच्या अंगाला उकिडवं बसून भांडी कोण घासतंय, त्याला पगार किती, तो जेवतो कुठं, ते सांगा. पाटीवर कुणाचा वाडा आहे आन कुणाचा नाही, ते सांगा. ज्या पदार्थाला तुम्ही नवा म्हणता तो कुणाच्या घरी जुना आहे, ते सांगा.

परीक्षण म्हंजे काय असतं ते कोल्हापुरात शाहू महाराजांनी दाखवून ठेवलंय. पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळेला मार पडला. महाराजांनी त्याला स्वतःचा धंदा काढायला लावला. त्यानं चहाचं हॉटेल टाकलं आन गावानं तिकडं पाठ फिरवली. महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलापुढं उभी केली, सगळ्यांदेखत चहा मागवला, स्वतः प्याले, बरोबरच्यांना पाजला. चहात साखर किती, दूध किती, यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या दिवसापासून बदललं.

तुमची गाडी कुठं थांबते, ते आम्ही बघतोय.